पेंढा कुठल्या पाण्यात धुतला

आमच्या प्लान्टवर फरफ्युरल हा शब्द कोणाच्याच तोंडात नीट बसला नाही. कोणी फुरफुर म्हणे, कोणी फरफर. मॅनेजर साहेब इंग्रजी वळणाने म्हणायला जात आणि मध्येच अडखळत. भाताच्या पेंढ्यातून आम्ही ते काढायचो. तेलासारखं द्रव, ताजं असताना जवळजवळ पाण्याच्या रंगाचं. बाटलीत ठेवलं की दोन दिवसांत पिवळं, आठवड्यात चहासारखं, आणि विसरलं तर काळं. वास मात्र बदामाचा. म्हणजे नुसत्या बदामाचा नाही, भट्टीतून काढलेल्या पावाच्या करपलेल्या कडेचाही. घरी गेलो की बायको शर्टाचा वास घेऊन म्हणायची, "आज कुठल्या बेकरीत होता ड्यूटीला?"

तो वास नाकात फार घेऊ नये, अंगाला चांगला नाही, हे प्लान्टवर सगळ्यांना बजावणारा मीच होतो. आज कोणी म्हणालं, तासभर त्या वासात उभं राहायला मिळेल, तर मी उलव्याहून तळोज्यापर्यंत चालत जाईन.

पण तो प्लान्ट आता नाही. आणि तो का नाही, हे खरं सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो. चार वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मोठ्या शेडच्या पाठीमागे आमचा छोटा प्रायोगिक प्लान्ट होता. एक रिअॅक्टर, दोन टाक्या, पेंढा कापायची कडबाकुट्टी आणि माझी टेबलाएवढी प्रयोगशाळा. कल्पना साधी होती. रंग, औषधं, चिकटपदार्थ यांच्यासाठी लागणारी कितीतरी रसायनं आपण जमिनीखालच्या तेलातून काढतो. त्यातली काही शेतातल्या काडीतूनही निघतात. पेंढा कापायचा, गरम पाण्यात दाबाखाली उकळून त्याचा काढा करायचा. त्या काढ्यात एक साखर उतरते. मग तो काढा कॅटॅलिस्टच्या दाण्यांवरून सोडायचा, की साखरेचं फरफ्युरल होतं. जुन्या पद्धतीत गंधकाम्ल ओतायचे आणि मागे सगळा विषारी गाळ उरायचा. आमच्या पद्धतीत आम्ल त्या दाण्यांमध्येच बसलेलं असायचं. दाणे जागच्या जागी, काढा वरून जातो, काम होतं, दाणे पुन्हा तयार.

पुस्तकात याला उत्प्रेरक म्हणतात. हा शब्द मी पहिल्या दिवशी प्लान्टवर वापरला तेव्हा ऑपरेटर मंडळी माझ्याकडे बघतच राहिली. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर ऑपरेटरने विचारलं, "म्हंजे लगीन जमवनारा ना?"

"कसा काय?"

"पोरगा हिकडचा, पोरगी तिकडची. हा मधी बसतो, दोघांचा जमवतो. लगीन लागला का जेवतो, टोपी घालतो, दुसऱ्या घरी. त्याचा सोताचा काय बदलत नाय."

सगळे हसले. मी इतकी वर्षं वर्गात आणि वर्गाबाहेर ही गोष्ट समजावत आलो होतो, पण एवढ्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या लॉगबुकातसुद्धा कोणीतरी एकदा 'आज मध्यस्थ बदलला' असं लिहून ठेवलं होतं.

त्या ऑपरेटरना मी दादा म्हणायचो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. उरणच्या बाजूला खाडीकाठच्या गावात घर. गावची बहुतेक जमीन त्यांच्या वडिलांच्या वेळीच टाउनशिपमध्ये गेलेली, खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, खारबंदिस्तीच्या, आत एक पट्टा तेवढा राहिलेला. त्यावर वर्षाला एक भात. ते मला मास्तर म्हणायचे. मी काही समजावायला लागलो की हातातलं काम ठेवून ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे, तो असा असायचा की मला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागायचा.

जेवायला आम्ही दोघं पेंढ्याच्या भाऱ्यांवर बसायचो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी, कारण मी सांगलीकडचा. "तुमची भाकरी बघा, चपलेसारखी," ते म्हणायचे. "आणि तुमची?" "आमची लुगड्यासारखी. घडी घालून खिशात ठेवावी." मग आम्ही भाकऱ्या अदलाबदल करून खायचो. त्या अदलाबदलीची मला किती सवय लागली होती हे पुढे कळलं. आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवताना माझा हात अजून कधीतरी उगाच शेजारच्या ताटाकडे वळतो.

दादा अकरा वर्षं ठेकेदाराकडून कामाला होते. दरवर्षी तेच काम आणि दरवर्षी नवा कागद. मॅनेजर साहेबांनी शब्द दिला होता की मोठा प्लान्ट मंजूर झाला, तर पहिला कायम ऑपरेटर दादाच. मोठा प्लान्ट मंजूर व्हायचा तर वरिष्ठांसमोर आमचं प्रात्यक्षिक नीट व्हायला हवं होतं. दादांनी घरी पाटीही करून घेतली होती, दारावर लावायची, नावाखाली 'ऑपरेटर'. "कायमचा कागद आला का ठोकनार," म्हणायचे.

प्रात्यक्षिकाला तीन आठवडे होते आणि आमचा पेंढा संपला. कर्जतहून यायचा तो अवकाळी पावसात भिजून बुरशीला लागला होता. दुसरा कोणाकडे बघायचा या विचारात असताना दादा म्हणाले, "माझा हाय ना. पट्ट्यावरचा. रचून ठेवलाय घरामागं."

मी खूश झालो. त्यांनी दाखवायला एक भारा आणला. काडी चांगली, लांब, पण बुंध्याला चिखल. चिखलातली वाळू आमच्या पंपाला चालत नसे. आम्ही कडबाकुट्टीजवळ उभे होतो. ती सुरू होती, तिचा आवाज कानठळ्या बसवणारा. मी ओरडून म्हणालो, "धुवून, वाळवून आणा!"

त्यांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं. "कुठल्या पान्यात?"

आता मला थांबून सांगायला हवं. हा प्रश्न मला त्या वेळी विचित्र वाटला. मी जिथे वाढलो तिथे पाणी कमी असतं किंवा जास्त असतं. कुठलं, असं नसतं. विहिरीचं, कॅनॉलचं, नळाचं, सगळं शेवटी पाणीच. पण खाडीकाठच्या गावात पाणी हा अर्धा शब्द आहे. गोडं की खारं, हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही. गोडं पाणी नळाला दिवसाआड येतं, बायका त्यासाठी हंडे लावून उभ्या असतात. ते प्यायचं, त्यात भात शिजवायचा. पेंढा खळबळायला गोडं पाणी वापरणाऱ्याला गाव वेडा म्हणेल. पेंढा खाडीच्या पाण्यातच धुतात. त्याला कीड लागत नाही आणि गुरं तो आवडीने खातात.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला घाई होती, मान दुखत होती, आणि मॅनेजर साहेबांचा फोन वाजत होता. मी म्हणालो, "अहो, पाणी म्हणजे पाणी! कुठल्याही!"

दादांनी मान डोलावली.

चार दिवसांनी पेंढा आला. इतका स्वच्छ पेंढा मी पाहिला नव्हता. सोन्यासारखा. दादा आणि वहिनी दोघांनी भरतीच्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून पेंढी पेंढी धुतली होती. "बायको म्हनाली, लग्नाचा शालू धुतला नसंल एवढा जपून," दादा सांगत होते. मी ऐकलं, पण भरतीचं पाणी म्हणजे खारं पाणी, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. आम्ही तो कापला, काढा केला, दाण्यांवरून सोडला.

त्या दिवशी दुपारी जे फरफ्युरल आलं ते आमच्या आजवरच्या कुठल्याही बॅचपेक्षा जास्त होतं. थोडंथोडकं नाही, डोळ्यांना दिसेल इतकं. मॅनेजर साहेबांनी पेढे मागवले. ऑपरेटर मंडळींना वाटलं, दादांच्या पट्ट्यावरच्या भातात काहीतरी खास आहे. दादा तर फुलूनच गेले. "माझ्या काडीत गुन हाय मास्तर!" साहेब मला म्हणाले, "तुम्ही तापमान बदललं होतं का?" मी थोडंसं बदललं होतं खरं, दोन-तीन अंश. मी म्हणालो, "हो सर." आणि गप्प बसलो. त्या 'हो सर' मध्ये सगळं श्रेय माझ्याकडे आलं. दादांनी ते ऐकलं. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी मला पेढा भरवला.

जेवणानंतर मी एकटाच प्रयोगशाळेत बसलो होतो. इतकं जास्त आलं कसं, हे मला पटत नव्हतं. सहज म्हणून दाण्यांवरून आलेल्या पाण्याची आम्लता पाहिली. फार जास्त होती. आम्ल दाण्यांत बसलेलं असायला हवं, पाण्यात नव्हे. मी एका परीक्षानळीत ते पाणी घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले. दह्याच्या कवड्या पडाव्यात तसा पांढरा साका खाली बसला.

मीठ. पेंढ्यात मीठ होतं.

एका क्षणात सगळं उमगलं. खाडीच्या पाण्यातला सोडियम दाण्यांमध्ये शिरून बसला होता, आणि दाण्यांतलं आम्ल सुटून पाण्यात आलं होतं. सुटलेलं आम्ल मोकाट काम करतं, म्हणून बॅच एवढी छान आली. पण ते आम्ल काढ्याबरोबर वाहून गेलं होतं. दाणे रिकामे झाले होते. आमचा मध्यस्थ जागेवर बसलेला दिसत होता, पण त्याच्यात जीव उरला नव्हता. शिवाय खारं आम्ल गरम पोलादाला खातं.

त्याच दिवशी बोललो असतो, तर दाणे सौम्य आम्लाने धुवून परत कामाला आणता आले असते. रिअॅक्टर दोन तास गोड्या पाण्याने धुतला असता, तर बचावला असता. हे सगळं मला ठाऊक होतं, माझं शिक्षणच त्याचं. पण बाहेर पेढे वाटले जात होते आणि खोका अजून अर्धाच झाला होता. बोलायचं म्हणजे 'हो सर' मागे घ्यायचं. मी परीक्षानळी बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडला.

मनाशी म्हणालो, दोन बॅच बघू, कदाचित मी चुकत असेन. माणूस स्वतःला केवढं फसवू शकतो. पुढची बॅच निम्मी आली. त्यापुढची नावाला. मी तापमान वाढवलं, मग आणखी वाढवलं. दाण्यांवर डांबरासारखा थर भाजून बसला. प्रात्यक्षिकाच्या दोन दिवस आधी रिअॅक्टरच्या तळाशी पाण्याची धार लागली. उघडून पाहिलं तर आत पोलादाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं.

मॅनेजर साहेब जुने, मुरलेले. त्यांनी भोकांवर बोट फिरवलं, मग उरलेल्या पेंढ्याजवळ गेले, एक काडी ओढली आणि चावली. थुंकले.

"हे खारट आहे. याला मीठ कुणी लावलं?"

साहेबांनी काडी खाली टाकली.

"पेंढा कोणी आणला?"

"मी," दादा म्हणाले.

"कशात धुतला?"

"खाडीत, साहेब."

"खाडीत? रिअॅक्टरमध्ये घालायचा माल समुद्राच्या पाण्यात धुतला? कोणी सांगितलं?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर आरोपाची नव्हती. पोर अडलं की मास्तरकडे बघतं, तशी होती. आता मास्तर सांगतील, समजावतील, अशी.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही काय सूचना दिली होती?"

मी म्हणालो, "गोड्या पाण्यात धुवायला सांगितलं होतं."

हे वाक्य मी किती सहज बोललो! आवाज कापला नाही. 'गोडं पाणी' हा शब्दसुद्धा मी दादांच्याच तोंडून शिकलो होतो.

दादांनी वळून कडबाकुट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मशीन चालू व्हती. मनाच नीट ऐकू आला नसंल." आणि मान खाली घातली.

मला वाटलं, ते मला वाचवताहेत. एवढा मोठा माणूस, असं मनात म्हणालो, आणि त्या मोठेपणाच्या सावलीत आरामात उभा राहिलो. चौकशीच्या अहवालात मी लिहिलं की ऑपरेटरने तोंडी सूचनेकडे दुर्लक्ष केल्यामुळे कॅटॅलिस्ट निकामी झाला. अहवाल स्वच्छ होता. साहेबांनी माझ्या भाषेचं कौतुक केलं. प्रात्यक्षिक रद्द झालं, मोठा प्लान्ट रद्द झाला, वर्षभरात छोटाही मोडीत निघाला. दादांचा ठेका महिनाअखेरीस संपला, नवा कागद निघाला नाही. शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे आले, डबा पिशवीत, हेल्मेट हातात. "निघतो, साहेब," म्हणाले. मास्तर नाही, साहेब. मी फाइलमध्ये बघत म्हणालो, "बरं, भेटू."

भेटलो नाही. चार वर्षं.

मी दुसरीकडे लागलो. आता बेलापूरच्या एका ऑफिसमधून गोदामांच्या सुरक्षिततेच्या तपासण्या करतो. ज्वलनशील माल कुठे ठेवलाय, फायरचे सिलिंडर भरलेत का. रसायनशास्त्राशी संबंध एवढाच, की ड्रमवरची लेबलं वाचता येतात. उलव्याला सोसायटीत फ्लॅट आहे, मागच्या खिडकीतून कधी खाडीचं खाजण दिसायचं तिथे आता टॉवर आहेत. लोक विचारतात, पूर्वी काय करायचात? मी म्हणतो, रिसर्च. पण मला आठवतो तो रिसर्च नव्हे. पेंढ्यावरची दुपार आठवते. कापलेल्या काडीची खाज, बदामाचा वास, लुगड्यासारखी भाकरी. मी काहीतरी समजावतोय, समोर एक माणूस काम थांबवून ऐकतोय, त्याला ते खरंच जाणून घ्यायचंय. तसं माझं नंतर कोणीच ऐकलं नाही. माझ्या घरचेही नाहीत. ही तक्रार नाही. एवढंच म्हणतोय, की जो माणूस माझं सर्वांत नीट ऐकायचा, त्याच्याबद्दल मी लिहून दिलं की तो ऐकत नाही.

मागच्या महिन्यात द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डच्या तपासणीला गेलो होतो. गेटवर वॉचमनने वही पुढे केली. मी नाव लिहून वर पाहिलं तर दादा. केस पांढरे, गणवेश खांद्याला मोठा.

"दादा?" मी म्हणालो. "ओळखलंत का?"

त्यांनी हात कानामागे धरला. "जरा मोठ्यानं बोला. मना कमी ऐकू येता."

मी मोठ्याने बोललो. ओळख पटली तसे ते हसले. खरंच हसले, काही राग नव्हता. मुलं कशी, घर कुठे, विचारलं. मी विचारलं, "इथं गेटवर का? तुमच्यासारख्या ऑपरेटरला कुठंही घेतील."

"बोलवला व्हता एका टँक टर्मिनलवर. मीच नको बोललो. कानाचा भरवसा नाय ना. एकदा तुमचा नुसकान केला तेवढा बस. तुमी गोडा म्हनलात आन मी ऐकला कुठल्याबी. परत कोनी म्हनंल व्हॉल्व्ह बंद कर, मी ऐकंन उघड. मानसा मरतील."

मागे ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. ट्रेलर रांगेत होते.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी कसंबसं विचारलं.

"दाखवला की. तो म्हनतो कान चांगले हायत. त्याला काय कलतंय? माझ्या कानानी ऐकलेला मनाच ठाव."

मग वही ओढून घेऊन त्यांनी गेट उघडलं.

त्यांनी मला वाचवलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मास्तर खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. दोघांपैकी कोणाचं तरी खोटं होतं, तर त्यांनी स्वतःचे कान खोटे ठरवले होते.

जुन्या कंपनीत मी फोन केला. तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, "सर, ते प्रोजेक्टच बंद झालंय. फाइल कुठं असेल सांगता येणार नाही." मी तरी पत्र लिहून पाठवलं, सगळं खरं. पोच आलेली नाही. पण फाइलमध्ये दादांचे कान नव्हते. ते खाडीकाठच्या घरात होते.

रविवारी सकाळी स्कूटर काढून गेलो. गाव विचारत विचारत पोहोचलो. घरामागे अंगण, पलीकडे बांध. वहिनी ओट्यावर जवळा निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी घराकडे तोंड करून अशी हाक मारली की माझेच कान दणाणले. "अहो! मास्तर आलंय! मा-स्त-र!" मग मला म्हणाल्या, "असा वरडाया लागता. अर्धा गाव आमच्या घरातला ऐकतो, हाच तेवढा ऐकत नाय. नातवंडा पन शिकली, आज्याला हाका मारायच्या तर पत्र्यावर काठी मारायची."

दादा बाहेर आले. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो, बसलो असतो तर जमलं नसतं. मोठ्याने बोलत होतो, ओरडून, आणि खोटं जितकं सहज बोललो होतो तितकं खरं जड जात होतं. म्हणालो की तुम्ही विचारलं होतं, कुठल्या पाण्यात. मी म्हणालो होतो, कुठल्याही. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. साहेबांसमोर मी खोटं बोललो. मीठ आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तेही लपवलं.

वहिनींचे हात जवळ्यात थांबले.

दादा एक पाऊल पुढे आले. "म्हंजे तू म्हनला व्हतास कुठल्याबी."

"हो."

"मशीन चालू असताना."

"हो."

"आन मी ऐकला व्हता. बरोबर."

"शब्द न् शब्द."

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा अरे-तुरे करत होते. आवाज चढला नाही, उलट उतरला. "चार वर्सं," ते म्हणाले. "चार वर्सं मी दोनदा विचारतो. दुकानात, बसमधी, पोरगी फोन करते तवा. काय म्हनलीस? परत बोल. भजनात बसायचा सोडला, ताल चुकंल म्हनून. तुला म्हायीत हाय काय तू काय केला?"

मला माहीत नव्हतं. मी नोकरी घालवली एवढंच मला वाटत होतं, आणि त्या अपराधाची मला इतक्या वर्षांत सवयही झाली होती. हे वेगळं होतं.

"मना नको सांगू," ते म्हणाले. "तिला सांग. परत सांग. मी बहिरा नाय, असा सांग."

मी वहिनींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदराने हात पुसले आणि नवऱ्याकडे वळल्या. "म्हंजे कान धडधाकट हायत? मंग मी कालपास्ना सांगते गॅस संपला, तो का ऐकला नाय?"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. दादा हसले नाहीत. वहिनीही बोलून गेल्या खऱ्या, पण त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी सूप उचलून उगाच पाखडायला घेतलं. त्यांनी माझ्याकडे परत पाहिलं नाही. घरी आलेल्याला बस म्हणतात, पाणी विचारतात. मला कोणी बस म्हणालं नाही, आणि ते योग्यच होतं.

मग दादा अंगण ओलांडून पार बांधापर्यंत गेले. तिथे पाठमोरे उभे राहिले, खाडीकडे तोंड करून. तिथूनच म्हणाले, "आता बोल. हलू बोल."

"काय बोलू?"

"कायबी. हलू. नेहमीपेक्षा हलू."

रस्त्यावरून कंटेनरचा ट्रेलर जात होता, तो जाईपर्यंत मी थांबलो. वहिनींचं सूप थांबलं. मी ओठातल्या ओठात, मलाच जेमतेम ऐकू येईल असं म्हणालो, "दादा, मला माफ करा."

वारं खाडीकडून आमच्याकडे होतं, शब्द मागे लोटणारं. मला वाटलं पोहोचलंच नसेल. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "ऐकला."

वहिनी ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या. मी वाट बघत राहिलो. दादा तसेच पाठमोरे होते, डोकं किंचित कलतं करून, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की ते आता माझ्यासाठी थांबलेले नव्हते. बांधापलीकडे ओहोटीचं पाणी चिखलातून सरकत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. ते तो ऐकत होते.